कुंडीतल्या वडाचा दोरा

मी भित्रा आहे हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. तोवर मी स्वतःला चांगला धीट समजत होतो. कारखान्यात टूलरूमला, साचे बनवायच्या खात्यात, नोकरी केली, टनावारी वजनाचे साचे क्रेनला लटकत डोक्यावरून जायचे, तेव्हा कधी छाती धडधडली नाही. लहानपणी दौंडकडच्या आमच्या माळावर लांडगा मेंढरांत शिरला तेव्हा मी काठी घेऊन धावलो होतो, असं वडील येईल त्या पाहुण्याला सांगायचे. खरं तर मी मेंढरांच्या मागोमाग पळत होतो आणि काठी हातात तशीच राहिली होती, पण वडिलांचं समाधान मी मोडलं नाही.

मग एका सकाळी शिक्रापूरच्या चौकात रस्ता ओलांडताना छातीवर कुणी भरलेलं पोतं टाकल्यासारखं झालं. दोन्ही बाजूंनी ट्रक, मध्ये मी, आणि पाय उचलेना. एका रिक्षावाल्यानं हाताला धरून बाजूला नेलं म्हणून नाहीतर तिथंच संपलो असतो. पुण्याला नेलं, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी एका कागदावर हृदयाचं चित्र काढून त्यात पेनानं फुल्या मारल्या. नळ्या तुंबल्यात, बायपास करावी लागेल, पण साखर फार वाढलीय, ती खाली आली की तारीख देऊ, तोवर घरी आराम करा. जिने चढायचे नाहीत, वजन उचलायचं नाही आणि टेन्शन घ्यायचं नाही. छाती उघडणार आहोत असं सांगून झाल्यावर हे शेवटचं वाक्य बोलायला त्यांना कसं जमलं, मला अजून कळत नाही.

घरी आलो आणि भीती माझ्याबरोबर आत आली. ती कशी असते हे सांगायला मला लाज वाटत नाही. दाढी करताना मध्येच थांबून मी गळ्याची नाडी चाचपायचो. जेवताना घास अडकला की हेच ते, असं वाटायचं. बायको भाजी आणायला गेली की घरात एकट्यानं मरायला नको म्हणून मी ओट्यावर येऊन बसायचो, निदान रस्त्यावरच्या कुणाला तरी दिसावं म्हणून. आणि हे सगळं तिच्यापासून लपवायचं. ती परत आली की मी पेपर उघडून बसलेला असायचो. पेपर उलटा नाही ना एवढं मात्र बघून घ्यायचो.

आमचं घर शिक्रापूरच्या कडेला, महामार्गापासून एक गल्ली आत. पुढं ओटा, मागं कंपनीत कामाला असलेल्या कुटुंबांना भाड्यानं दिलेल्या खोल्या. माझी झाडं आधी गच्चीवर होती. जिना बंद झाल्यावर बायकोनं आणि मागच्या भाडेकरणीनं मिळून एकेक कुंडी खाली आणली आणि ओट्यावर मांडली. चिंच, पिंपळ, एक बोगनवेल, आणि माझा वड.

बोन्सायचा नाद मला कसा लागला असं लोक विचारतात तेव्हा मी सांगतो की आमच्या घरात पहिलं बोन्साय शेळ्यांनी केलं. दौंडकडच्या आमच्या बांधावर एक बाभूळ होती. शेळ्या रोज येता-जाता तिचे शेंडे खायच्या. मी शाळेत गेलो, नोकरीला लागलो, माझं लग्न झालं, तरी ती बाभूळ गुडघ्याएवढीच. खोड मात्र म्हातारं, भेगाळलेलं. पुढं कारखान्यात एका साहेबाच्या केबिनमध्ये मी पसरट कुंडीतलं झाड बघितलं आणि म्हणालो, हे तर आमच्या शेळ्यांचं काम.

वड मिळाला तो आमच्या जुन्या विहिरीच्या भिंतीत. दगडाच्या सांध्यात उगवला होता, वडील त्याला कोयत्यानं तोडायला निघाले होते, कारण वडाची मुळं विहीर फोडतात. मी म्हणालो मला द्या. तेव्हा तो वीतभर होता. त्यानंतर वडील गेले, आई गेली, विहीर बुजवली, आणि वड माझ्याजवळ राहिला. त्याची पसरट कुंडी मी स्वतः सिमेंटची ओतली. फांद्यांना वळण द्यायला जळालेल्या मोटारींची तांब्याची तार वापरायचो. तार झाडाच्या अंगात रुतायच्या आत काढावी लागते, नाहीतर कायमचा वळ राहतो. एक उन्हाळा सोडून एक उन्हाळा त्याला कुंडीतून काढायचं, मुळं विंचरायची, वाढलेली छाटायची, नवे विटांचे खडे आणि वाळू घालून पुन्हा बसवायचा. हात आता मनगटाएवढ्या झालेल्या त्या खोडावरून फिरवला की मला बरं वाटायचं. पारंब्याही सुटल्या होत्या, दोऱ्याएवढ्या.

भावकीत कुणाला हे आवडत नव्हतं. देवाच्या झाडाला असं खुरटवून ठेवू नये, घराला लागतं, असं मला तोंडावर सांगितलेलं आहे. मी वाद घालायचो. देव एवढ्याशा कुंडीत मावला तर त्याची अडचण होते का, असं विचारायचो आणि समोरचा गप्प झाला की खूश व्हायचो. बायको कधी या वादात पडली नाही. ती झाडाला पाणी घालायची, पण वटपौर्णिमेला पूजेला जायची ती रस्त्यावरच्या मोठ्या वडाकडेच. माझ्या वडाला तिनं कधी हळदीकुंकू लावलं नाही. तो तिच्या लेखी माझा होता, देवाचा नव्हता.

मग रस्ता रुंद झाला आणि मोठा वड गेला. त्या वर्षी बायकांनी बाजारातून फांदी आणून पाटावर ठेवून पूजा केली. बायकोला ते आवडलं नाही. तोडलेल्या फांदीपाशी कुणाचं आयुष्य मागायचं, म्हणून ती आठवडाभर कुरकुरत होती. मी तेव्हा हसलो होतो.

यंदाची वटपौर्णिमा माझ्या आजारात आली. आदल्या दिवशी बायको माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "उद्या तुमचा वड लागंल." भांडं मागावं तसं तिनं ते मागितलं. दुसरी कुठलीही वेळ असती तर मी तिची थट्टा केली असती. पण मला त्या दिवसांत कशाचीच थट्टा सुचत नव्हती. घे म्हणालो. वर एवढंच सांगितलं की कुंडीत दूध ओतू नका, ती उथळ आहे, आंबेल.

"थोडं थोडं घालू," ती म्हणाली.

सकाळी ओट्यावर मधोमध स्टूल, स्टुलावर कुंडी. गल्लीतल्या बायका नटून आल्या, मागच्या खोल्यांतल्याही आल्या. कुणी लातूरकडची, कुणी यवतमाळची, दोघीतिघींना मराठी धड येत नव्हतं तरी त्या आल्या, कारण जवळपास दुसरा वड उरला नव्हता. मला आत बसायला सांगण्यात आलं. मी खिडकीतून बघत होतो. प्रत्येकीनं थोडंच दूध घातलं. प्रत्येकीनं थोडंच पाणी, थोडंच पंचामृत, थोडी साखर. माझी कुंडी म्हणजे ताटाएवढी, तिच्यातून पांढरं पाणी ओघळून स्टुलाच्या पायांवरून ओट्यावर आलं. मग फेरे सुरू झाले. मोठ्या झाडाभोवती फिरताना दोरा हातभर अंतरावरून जातो, इथं खोड एवढंसं, स्टूल डुगडुगणारं. प्रत्येक फेऱ्याला दोरा खाली घसरायचा आणि बाया तो ओढून घट्ट करायच्या. शेवटी खोड दिसेना, नुसतं सूत दिसत होतं, हळदीनं पिवळं झालेलं.

बायको सगळ्यात आधी फिरली होती. डोळे मिटून ती बराच वेळ काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, माझ्यासाठीच आहे ते सगळं. आणि खरं सांगतो, खिडकीआड उभं राहून मला रडू आलं. आयुष्यभर ज्याची टिंगल केली तेच आता चालावं, काहीतरी चालावं, असं मला वाटत होतं.

पूजेचा दोरा काढायचा नसतो. तो आपोआप कुजून पडतो. मी थांबलो. पाऊस सुरू झाला, पण उथळ कुंडीतलं आंबलेलं दूध काही धुऊन गेलं नाही. मुंग्या लागल्या. मग वास यायला लागला, ताकाच्या न धुतलेल्या भांड्यासारखा. मातीवर पांढरी बुरशी आली. आषाढ लागता लागता वडाची पानं पिवळी पडायला लागली. आधी खालची, मग शेंड्याची. रोज सकाळी ओट्यावर चारदोन पानं पडलेली असायची. बायको ती झाडून टाकायची, आणि मी ती झाडायच्या आत किती पडली ते बघायला धडपडत बाहेर यायचो.

मला काय करायचं ते पुरतं माहीत होतं. झाड कुंडीतून बाहेर काढायचं, सगळी माती धुवायची, काळी पडलेली मुळं कापायची, कोरड्या खड्यांत बसवायचं. आणि त्याआधी तो दोरा काढायचा. कारण पावसाळ्यात वड फुगतो, आणि खोड दोऱ्याच्या वर सुजलं होतं, खाली बारीक राहिलं होतं. एकदा बायको आत असताना मी बोटानं सुताचे पदर बाजूला केले. सूत विरघळल्यासारखं मऊ झालं होतं. पण त्याच्याखाली, अगदी सालीला लागून, पांढरी नायलॉनची सुतळी होती. टोमॅटोचे वेल काठ्यांना बांधतात ती. तिचे वेढे सालीत रुतले होते आणि मागच्या बाजूला गाठीवर गाठ मारलेली होती.

ती सुतळी आमच्याच घरातली होती. बायकोनं सगळ्यांच्या आधी फिरून ती बांधली होती, आणि वरून सूत गुंडाळलं होतं. का, ते मला लगेच समजलं असं मला वाटलं. सूत तुटतं. यंदा नवऱ्याची छाती उघडणार आहेत, यंदा दोरा तुटायला नको. बिचारीनं तिच्या परीनं पक्कं काम केलं होतं, टूलरूमच्या माणसाच्या बायकोला शोभेल असं. आणि त्याच पक्क्या कामानं झाड मरत होतं.

आता माझी काय अवस्था झाली ते बघा. सुतळी ठेवली तर झाड मरणार. ज्या झाडाजवळ माझं आयुष्य मागितलं ते झाड माझ्या ऑपरेशनच्या आधी मरणार. आणि सुतळी कापली तर माझ्या आयुष्यासाठी बांधलेला दोरा मी माझ्याच हातानं कापणार. माझा विश्वास नाही, असं मी स्वतःला सांगायचो. मग काप, असं स्वतःच म्हणायचो. हातात कटर घ्यायचो, झाडासमोर बसायचो, छातीत बारीकशी कळ यायची आणि कटर खाली ठेवायचो. कळ खरंच यायची की मी आणायचो, ते सांगता येणार नाही. रोज हा खेळ चालायचा. चिंचेला पाणी घातलं, पिंपळाला घातलं, की शेवटी वडापुढं येऊन मी बसायचो आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो.

त्यात मागच्या लातूरकडच्या भाडेकरणीच्या नवऱ्याला अपघात झाला. कंपनीतून सुटून येताना ट्रकनं बाइकला घासलं आणि पायाचं हाड मोडलं. जिवावरचं पायावर निभावलं. ती आमच्याकडे बर्फ मागायला आली, बर्फ घेतला, आणि जाता जाता वडासमोर थांबली.

"काका, झाड वाळायलंय की ओ," ती म्हणाली.

"पावसानं झालंय. येईल परत पालवी," मी म्हणालो.

ती बर्फ घेऊन मागं गेली. पण दुसऱ्या दिवशीपासून गल्लीतल्या बायका ओट्यावरून जाताना झाडाकडे बघून जायला लागल्या, आणि झाडाकडे बघून झालं की माझ्याकडे. आता एकट्या माझं नाही तर गल्लीतल्या सगळ्या नवऱ्यांचं आयुष्य माझ्या कुंडीत आंबत होतं. हे आज लिहिताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. रस्त्यावर कुठं ब्रेक करकचले की मी खुर्चीतून उठायचो.

साखर खाली आली. एरवी चांगली बातमी. दवाखान्यातून फोन आला, सोमवारी दाखल व्हा, मंगळवारी ऑपरेशन. मुलगी बारामतीहून थेट पुण्याला येणार होती. बायकोनं पिशव्या भरायला घेतल्या. तिचा चेहरा त्या दिवसांत इतका शांत होता की मला तिचा राग यायचा. इथं माझं काळीज तोंडाशी आलंय आणि ही मेथीचे ठेपले किती टिकतील त्याचा विचार करतेय. तिला भीती नाही, तिचा त्या सुतळीवर विश्वास आहे, तिचं बरं आहे, असं मी मनाशी म्हणायचो.

सोमवारी सकाळी गाडी नऊला येणार होती. मी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर येऊन बसलो. वडाला शेंड्यावर थोडी पानं उरली होती, तीही लोंबलेली. आज हात लावला नाही तर परत येईपर्यंत हे झाड राहणार नाही, हे मला दिसत होतं. मी परत येईन की नाही ते दिसत नव्हतं. बायको बाकीच्या कुंड्यांना पाणी घालत होती. कसं कुणास ठाऊक, माझ्या तोंडून निघून गेलं.

"ह्या सुतळीनं झाड चाललंय."

"मग काढा की," ती पाणी घालता घालता म्हणाली.

"तू बांधलीस ती."

"व्हय."

"माझ्यासाठी बांधलीस. मी कशी कापू? मला भ्या वाटतंय." शेवटचं वाक्य बोलायचं नव्हतं, पण आलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, तिच्यापुढं हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारला.

तिनं तांब्या खाली ठेवला. माझ्याकडे नीट बघितलं. मग पदरानं हात पुसत म्हणाली, "तुमच्यासाठी न्हाई वो ती."

"मग?"

"माझ्यासाठी हाय. तुमच्या आदी मला ने, आसं मागितलंय मी. दरसाली त्येच मागती. समद्याच मागत्यात. यंदा ऐकायलाच पायजे म्हणून सुतळी घेतली. सूत काय, कवाबी तुटतंय."

तिनं ते साध्या आवाजात सांगितलं, ठेपले पिशवीत ठेवलेत हे सांगितल्यासारखं.

"तुमच्या आईचं बघितलंय मी," ती म्हणाली. "मामंजी गेल्यावर. बायांनी बांगड्या फोडल्या तवा मी त्येंचा हात धरून बसलेवते. पुढं पंधरा-वीस वर्सं कुटल्या लग्नात त्या म्होरं आल्या न्हाईत. हळदीला बोलावलं तरी चुलीपाशी जाऊन बसायच्या. तुम्हाला आठवतंय?"

मला आठवत नव्हतं. आई लग्नात चुलीपाशी असायची हे मी बघितलं होतं, पण तिला स्वयंपाकाची हौस आहे असं मी धरून चाललो होतो. आणि गल्लीत कुणी सवाष्ण गेली की सोनं झालं तिचं, असं बायका म्हणायच्या, तेही मी ऐकलं होतं. ऐकून सोडून दिलं होतं. बायको शांत होती ती भीती नव्हती म्हणून नव्हे. माझ्यापेक्षा जास्त भीती होती तिला, फक्त तिनं तिची सोय लावून ठेवली होती.

मग मी हिशेब केला. तो आपोआप झाला. उद्या मंगळवार. उद्या टेबलावर माझं काही बरंवाईट झालं आणि तिचं मागणं खरं व्हायचं असेल, तर ते आजच्या आज व्हायला हवं. आज, पुण्याला जाताना, कुठंतरी. मी तिच्याकडे बघितलं. ठणठणीत बाई, नुकतीच न्हाऊन केस ओले असलेली, कपाळाला कुंकू लावलेली. डॉक्टरांनी फुल्या मारल्या तेव्हा मी इतका घाबरलो नव्हतो. चौकात पाय उचलेना तेव्हासुद्धा नव्हतो. माझा विश्वास नाही वगैरे जे काही होतं ते कुठं गेलं कळलं नाही.

मी उठलो, कटर घेतला आणि झाडापाशी बसलो. सुताखालून कटरचं टोक घातलं, पहिला वेढा तोडला. दुसरा सालीत इतका रुतला होता की चिमट्यानं उकरून वर काढावा लागला. गाठ तुटेना. दोन्ही हातांनी दाबली तेव्हा तुटली. सगळं एकदम सुटून आलं, सुतळी, सूत, गल्लीतल्या सगळ्याजणींचे फेरे. त्यांच्या नवऱ्यांचं काय व्हायचं असेल ते होवो, असं मी मनाशी म्हणालो. खोडावर बोट बसेल एवढी खाच पडली होती आणि तिच्यातून पांढरा चीक आला.

"तोडली व्हय?" ती मागून म्हणाली.

"झाडाला काचत होती."

"झाडाला?"

मी तिच्याकडे वळलो नाही. झाडाकडेच बघून बोललो, तसंच मला जमणार होतं. "मी गेलो तर तू मागं राहा. बांगड्या फोडू देऊ नको कुणाला. लग्नात म्होरं जाऊन बस. कुणी उठवलं तर सांग, मालकांनी सांगितलंय म्हणून."

ती पायरीवर बसली आणि रडली. बराच वेळ रडली. मी तोवर झाड कुंडीतून उपसलं. वजन उचलू नका म्हणाले होते, पण त्या झाडात वजन कसलं राहिलं होतं. बादलीत मुळं धुतली. निम्मी काळी होती, बोटानं दाबली तर साल गळून यायची. ती कापली. चांगली ठेवली. नंतर बायको डोळे पुसत उठली आणि मी न सांगता घमेल्यात वाळू घेऊन आली. तिनं खोड सरळ धरलं आणि मी मुळांवर वाळू सारली. उरलेली पानंही मी कापून टाकली, मुळं एवढी कमी झाल्यावर झाडाला पानांचा भार झेपत नाही. नुसता काटका राहिला. गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा माझ्या इस्त्रीच्या शर्टावर चिखल होता. तिनं तो ओल्या फडक्यानं पुसायचा प्रयत्न केला आणि आणखी पसरवला. झाड मागच्या सावलीत ठेवून, पाणी घालायला लातूरच्या बाईला सांगून आम्ही निघालो.

वड पुढं जगला. एक फांदी गेली, खाच राहिली. पण तेव्हा मला त्याची फिकीर नव्हती. झाडाचा विचार मी गल्लीच्या तोंडाशीच सोडून दिला होता.

गाडीत मी मागच्या सीटवर डावीकडे होतो, ती उजवीकडे, मांडीवर ठेपल्यांची पिशवी. महामार्गाला लागलो. उजवीकडून कंटेनर, टँकर, एकामागून एक, हात बाहेर काढला तर लागतील इतक्या जवळून जात होते. प्रत्येक ट्रक तिच्या खिडकीवरून गेला की मी पुढची सीट घट्ट धरायचो. चौक दिसायला लागला तेव्हा मला राहवलं नाही.

"इकडं ये तू. मी तिकडं बसतो."

"कशाला?"

"त्या बाजूनं ट्रक येतात."

तिनं माझ्याकडे बघितलं, चिखलाच्या डागाकडे बघितलं. "अवं, आप्रेशन तुमचं हाय का माझं?" ती म्हणाली.

ड्रायव्हरला गाडी कडेला घ्यायला लावली, खाली उतरलो, फिरून पलीकडे गेलो आणि तिच्या बाजूचं दार उघडलं. ती पिशवी उचलून आत सरकली.